पार्वतम्माच्या नातीचे दात

पार्वतम्माच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. मुखेडच्या बाजूला त्यांचं गाव आणि गावात नवऱ्याचं, वीरण्णाचं, किराणा दुकान. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की आतून पार्वतम्माचा आवाज यायचा आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं पुडी उचलून निघायचं. बाई मनानं वाईट नव्हती हो! गल्लीत कुणी बाळंतीण अडली तर सगळ्यांच्या आधी हीच धावायची. पण एकदा बोलली की बोलली. माझं चुकलं, हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

सून नीलाबाई भोकरची. गरीब स्वभावाची, खाली मान घालून काम करणारी. तिला पहिल्यांदा दिवस गेले त्या साली ते मोठं ग्रहण लागलं. दिवसाढवळ्या अंधारून आलं, पाखरं झाडावर परतली. पार्वतम्मानं दारं-खिडक्या लावून सुनेला निजवलं, हलायचं नाही, काही कापायचं नाही अशी ताकीद दिली आणि स्वतः देवापुढं जप करत बसली. इकडं वीरण्णाला सुपारीवाचून दम निघेना. त्यानं हळूच सुनेला हाक मारली. सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? नीलाबाई उठली आणि अडकित्त्यानं सुपारी कातरून दिली. देवघरातून उठून आलेल्या पार्वतम्मानं नेमका तिच्या हातात अडकित्ता पाहिला.

कांता जन्मली ती टवटवीत. हातपाय, नाकडोळे, सगळं जागच्या जागी. दातही वेळेवर आले, पांढरेशुभ्र. पण पोर दोन वर्षांची होते न होते तोच वरचे पुढचे दात तपकिरी पडले, मग काळे झाले आणि कडेनं तुटायला लागले. पार्वतम्मानं निकाल देऊन टाकला, "गिराणात हिनं सुपारी कातरली, पोरीचे दात कातरले गेले." गल्लीभर झालं. वीरण्णानं, सुपारी मीच मागितली होती, असं कधी तोंडातून काढलं नाही. तो पुढं वारला आणि सगळा दोष नीलाबाईच्या एकटीच्या पदरात राहिला. ती सोमवार धरायला लागली. पोरीनं तोंड उघडलं की ही दुसरीकडं बघायची.

लातूर जिल्हा झाला तशी नव्या कचेऱ्यांत माणसं घ्यायला लागले. पार्वतम्माचा मुलगा गुंडप्पा शिपाई म्हणून लागला. दुकान कधीच बसलं होतं. सगळे लातूरला दोन खोल्यांत येऊन राहिले. तिथंही दुष्काळानं पाठ सोडली नाही. आठवड्यातून एकदा नळ यायचा आणि टँकर आला की गल्लीत झोंबाझोंबी.

कांताला पाचवं लागलं होतं. दाढांपर्यंत कीड गेली होती. भाकरी चावता येत नव्हती, ताकात कुस्करून चार घास कसेबसे गिळायची. एके दिवशी गाल टम्म सुजला आणि पोर गालाला हात लावून नुसती कण्हत बसली. गुंडप्पा म्हणाला, "दुधाचेच दात हायेत अव्वा, पडतील की."

"पडंपर्यंत काय पोरगी उपाशी ठिवू?" पार्वतम्मा कडाडली. "दाक्तर बघ. आजच्या आज."

कांता म्हणजे तिचा जीव की प्राण. पोर निजायची ती आजीच्याच कुशीत; आईकडं कधी हट्ट केला नाही. नीलाबाईला पुन्हा दिवस गेले होते, सहावा महिना सरत आला होता, उन्हाचं फिरणं नको म्हणून ती घरीच थांबली. गुंडप्पानं दोघींना दवाखान्याच्या दारात सोडलं आणि तो कचेरीत गेला. मुंबईला शिकून आलेली एक डॉक्टरीणबाई नुकतीच तिथं बसायला लागली होती. चूळ भरायचं पाणी घरून आणा, असा दवाखान्याचा निरोप होता. म्हणून पार्वतम्मानं पदराखाली तांब्या झाकून नेला होता.

डॉक्टरीणबाईनं कांताचं तोंड उघडून आरशानं नीट पाहिलं. मग विचारलं, "आजी, हिला निजवताना तोंडात काही गोड देत होता का? गुळाची पोटळी, साखरेचं पाणी?"

पार्वतम्मानं पदराखालचा तांब्या सावरला.

देत होती. कांता वर्षाची असताना असाच पाऊस दगा देऊन गेला होता. म्हैस विकली. नीलाबाई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, तिचं दूध आटलं. पोर दिवसभर आजीजवळ भुकेनं किंचाळायची. दुकानातल्या ढेपेचा गूळ फोडून पार्वतम्मा मऊ धडप्यात बांधायची आणि ती पोटळी पोरीच्या तोंडात द्यायची. पोर चोखत चोखत निजायची. पोटळी तशीच तोंडात. पुढं पाऊस आला, दूध आलं, पण कांताला पोटळीवाचून झोप येईना आणि पार्वतम्माला तिचं रडणं बघवेना. साडेतीन वर्षांची होईपर्यंत हे चाललं.

"न्हाई," ती डॉक्टरीणबाईला म्हणाली. "आमच्यात असलं काय करत न्हाईत."

"बरं," बाई म्हणाली. "विचारलं एवढ्यासाठी, की वरचे दात गेलेत आणि खालचे पुढचे चांगले आहेत. निजलेल्या लेकराच्या तोंडात गोड राहिलं की असंच होतं. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते वाचतात."

पार्वतम्मानं खालच्या आवाजात विचारलं, "आन् पोटुशी बाईनं गिराणात सुपारी कातरली तर?"

"तर सुपारी कातरली जाते आजी, दुसरं काय होणार?" बाई हसली. पार्वतम्माला हसू आलं नाही.

बाईनं समजावून सांगितलं. पुढच्या दातांची खुंटं आता काही कामाची नाहीत, तिथं एक-दोन वर्षांत नवे दात येतील. पण दुधाच्या दाढा दहा-अकराव्या वर्षापर्यंत लागतात. त्या उपटल्या तर पोर चावणार कशानं, आणि खालून येणाऱ्या दातांना जागा तरी कशी राहणार? म्हणून कीड कोरून काढायची आणि दाढेवर स्टीलची टोपी बसवायची. तिनं डबी उघडून दाखवली. आत टपोऱ्या हरभऱ्याएवढ्या चकचकीत टोप्या होत्या.

घरी आल्यावर नीलाबाईनं विचारलं, "काय म्हणल्या बाई? कशानं झालं?"

"किडीनं," पार्वतम्मा म्हणाली आणि तांब्या घासायला बसली.

चार चकरा झाल्या. सुई टोचताना कांता आजीचं मनगट आवळून धरायची. बाई दाढ घासून बारीक करायची, टोपी लावून बघायची, काढायची, चिमट्यानं कडा वळवायची, पुन्हा बसवायची. मग कापसाचा बोळा देऊन म्हणायची, "दाब, जोरात दाब." दर टोपीगणिक पार्वतम्माच्या मनात यायचं, आज घरी गेल्यावर सांगू. घर आलं की ती कामाला लागायची. सांगितलं तर नीला काय म्हणेल, याची तिला भीती नव्हती. सून ओरडली असती तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण पोर मग आपल्याजवळ कशाला ठेवतील? ह्या एका भीतीनं ती सांगणं उद्यावर ढकलायची. तिकडं नीलाबाई पोटातल्या लेकरापायी विळीला शिवेना, कात्री दिसली तरी उठून जायची. सगळं डोळ्यांपुढं दिसून राहिलं होतं आणि पार्वतम्मा गप्प होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची लाज वाटली.

शेवटची टोपी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी कांतानं ताटातली भाकरी उचलली आणि न कुस्करता दाढेखाली धरली. पापुद्रा कुरकुरला. पोरीनं एक भाकरी संपवली आणि दुसरी मागितली. शेजारची बसम्मा दारातून बघत होती, ती म्हणाली, "आजी असावी तर अशी."

बसम्मा गेली. नीलाबाई जड पोटानं कशीबशी वाकली आणि तिनं सासूच्या पायावर डोकं ठेवलं. "आत्याबाई, पाप माझं, आन् निस्तरलं तुम्ही. ह्या उपकारातून मी कशी उतराई व्हऊ?"

पार्वतम्मानं पाय मागं ओढले. चटका बसावा तसे ओढले.

"ऊठ," ती म्हणाली. "माझ्या पाया पडू नको. तुझं काई पाप न्हाई. म्या केलं ते."

मग तिनं सगळं सांगितलं. गुळाची पोटळी, किती वर्षं दिली ते, डॉक्टरीणबाईनं काय विचारलं आणि आपण काय खोटं बोललो ते. ग्रहणाचा आणि दातांचा काही संबंध नाही, हेही सांगितलं. पदर तोंडाला लावून ती रडली. नीलाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. मग ती म्हणाली,

"आत्याबाई, म्या एकदा इचारलं व्हतं तुम्हाला. कामावरून आले तवा. पोरीचे दात नुसते तपकिरी झाले व्हते. म्या म्हणलं, गुळानं तर व्हऊन राहिलं न्हाई ना?"

पार्वतम्माला आठवत होतं. अंगभर खडीची धूळ, हाताला फोड आणि पोरीला मांडीवर घेऊन भीत भीत विचारणारी नीला. नाही आठवत, असं म्हणून टाकणं सोपं होतं. तोंडाशी आलंही.

"इचारलं व्हतंस," ती म्हणाली. "आन् मलाबी तवा तसंच वाटलं व्हतं. पर माझं चुकलं म्हणायला जीभ वळली न्हाई. म्हणून म्या त्याच दिवशी गिराणाचं काढलं. आदी मनातबी नव्हतं माझ्या."

नीलाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. ती उठली. खुंटीवरचे कांताचे झगे काढून एकेक घडी करत पिशवीत भरायला लागली.

"बाळंतपणाला मी भोकरला जाते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कांताबी येईल."

"मागारी कवा येशील?"

"आता काय सांगू?"

पार्वतम्मानं मान हलवून 'हाव, जा' म्हटलं. सकाळी गुंडप्पानं नांदेडच्या गाडीत खिडकीची जागा धरली. त्याला दोघींपैकी कुणी काही सांगितलं नव्हतं आणि आईचा चेहरा बघून विचारायचं धाडस त्याला झालं नाही. नीलाबाई चढून बसली. कांता आजीचं लुगडं सोडेना. "आजी, तू न्हाई येत? मग मी निजू कुणापाशी?"

पार्वतम्मानं तिला उचलून खिडकीतून आत दिलं.

"मायपाशी नीज बाई," ती म्हणाली. "मायपाशीच निजायचं असतं."