उलट्या चपलांचा देव

११ जानेवारी, रविवार. सोलेभातासाठी तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या. सासरेही समोर बसले होते. दोन दाणे पातेल्यात, एक तोंडात, असं त्यांचं चाललं होतं. तेवढ्यात मुलगी विहारातून परत आली. दर रविवारी ती तिथे लहान मुलांचा वर्ग घेते, वंदना झाली की गोष्ट सांगते. आज फार लवकर आली.

"वर्ग बंद केला त्यायनं," ती म्हणाली.

कारण चपला. तिने स्वतः रचलेल्या गोष्टीत एक लांबचा मुलूख आहे. तिथे नशिबाचा देव डोक्यावर टोपली घेऊन फिरतो, आणि टोपलीतलं ज्याच्या अंगणात सांडेल त्याचं भलं होतं. तो आपल्या दारावरून जावा म्हणून तिथले लोक डावी चप्पल उलटी ठेवतात. आमच्या अमडापूरच्या पोरांनी चाचणीच्या दिवशी शाळेत तेच केलं. तिथे हसण्यावारी गेलं. आज मात्र विहाराच्या दारात उलट्या चपलांची रांग लागली आणि समितीचे सचिव तापले. उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होतं, असं म्हणत दोन बायांनी त्या भराभर सुलट्या केल्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मला हसू आलं. सासऱ्यांना नाही. धम्म घेतला तेव्हा त्यांच्या वडिलांनी घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले होते. सासरे तेव्हा लहान होते, बापाचं बोट धरून गेले होते.

"माह्या बापानं घरातले देव काढले, अन तू नवा घडवला?"

"आबा, खोटा हाय तो. गोष्टीतला."

"सारे गोष्टीतलेच असतात. चपला तं खऱ्या होत्या ना?"

ती शेंगांजवळ येऊन बसली.

"तलाठ्याच्या परीक्षेत मी दोन बार राह्यली, तवा सारे काय म्हणे? नशीब. आबा, तुमीबी म्हणे. केलेला अभ्यास कुठं गेला, हे कोणी नाही इचारलं. मंग मी म्हटलं, हा नशीबवाला हाय तरी कोण, पाहून तं घेऊ."

"मी म्हटलं?"

"हाव. दोन्ही बार."

सासऱ्यांनी पुढच्या शेंगा सोलून सगळे दाणे पातेल्यात टाकले. तोंडात एकही दाणा गेला नाही.

"मंग? पाह्यला?"

"पाह्यला. त्याले दिसतच नाही, आबा. टोपली कुठं सांडून राह्यली, हे त्यालेच मालूम नाही."

"हे पोट्ट्यायले सांगतलं?"

"आज सांगणार होती."

"अन तसंच उठून आली?" आता ते वेगळ्याच कारणाने चिडले. "अर्ध्यात सोडला तं तो पोट्ट्यायच्या डोक्यात देवच राहीन! काढाले पायजे त्याले."

"मी नाही जात आता. पोट्ट्यायसमोर बोलले सचिव मले. गोष्टीबी बंद अन परीक्षाबी बंद." ती आत जाऊन पडली. भात वाढला तरी उठली नाही.

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी मी आधी सचिवांचं घर गाठलं. ते ओट्यावर दाढी करत होते.

"भाऊ, येत्या रविवारी वर्ग भरवा."

"वहिनी, विहारात देवाच्या गोष्टी नाही चालत."

"म्हणूनच म्हणते. तुमी वर्ग बंद केला, देव तसाच राह्यला पोट्ट्यायजवळ. त्याले जिनं आणलं तिलेच काढता येते. तुमी समोर बसा. नाही पटलं तं तिथंच उठवा तिले."

अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून त्यांनी विचार केला. "माहा नातूबी करते ते चपलीचं," ते हळूच म्हणाले. "बरं. भरवा."

घरी आले तर मुलगी अजून पांघरुणातच होती.

"रविवारी वर्ग हाय. आबाबी येणार हायेत. शेवट नीट बसव," एवढं सांगितलं आणि अंगणवाडी उघडायला निघाले.