पाच घरांचं मत

लग्न होऊन मी रोह्याहून कासूजवळच्या या गावात आले तेव्हा इथे ख्रिस्ती घरं पाच होती. आजही पाचच आहेत. सरपंचपदाची निवडणूक लागली आणि एक उमेदवार आमच्या ओट्यावर येऊन बसला. सासऱ्यांना म्हणाला, "काका, तुमच्या दफनभूमीला पक्कं कुंपण घालून देतो. पाचही घरांची मतं तेवढी मला."

सासरे खूश झाले. त्यांच्या आईच्या थडग्यावर गुरं चरतात, हे त्यांना वर्षानुवर्षं सलत होतं. पण मी उपकेंद्रात नर्स. आदिवासी वाडीवरची पोरं दर उन्हाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊन आजारी पडत आणि माझ्याकडे येत. मी विचारलं, "आणि वाडीच्या नळाचं?"

"त्यांचं नंतर बघू, ताई. आधी आपली माणसं."

दुसरी उमेदवार मिठागरात राबलेली बाई. ती सरळ म्हणाली, "कुंपणाचं वचन मी नाय देत. आधी वाडीला पाणी."

"तो जिंकला आणि आपण विरोधात गेलो हे त्याला कळलं, तर?" सासरे मला म्हणाले. "आपण पाच घरं. जपून राहायला हवं." त्यांची भीती खोटी नव्हती. रविवारी पेणला मिस्सा झाल्यावर त्यांनी फादरांनाच विचारलं.

"नाव मी सांगणार नाही," फादर म्हणाले. "परिणामांचा विचार जरूर करा. पण फक्त आपल्याच घरापुरता नको."

आम्ही परत निघालो. दाराशी आल्यावर सासरे म्हणाले, "काय गो, त्या पोरांतलं कोण दगावलं होतं का?"

"एक मुलगी. तीन वर्षांची."

ते घरात न शिरता तसेच बाकीच्या चार घरांकडे गेले. मत कुणाला द्या ते त्यांनी सांगितलं नाही; त्या मुलीचं सांगितलं.

मोजणी पेणच्या तहसील कार्यालयात झाली. बाईचं नाव पुकारलं तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की पोलिसाने वळून पाहिलं. बाहेर ढोल सुरू झाला. वाडीवरच्या बायकांनी सासऱ्यांना ओढून मधे नेलं, त्यांच्या पांढऱ्या शर्टावर गुलाल उधळला. जन्मभर मिरवणुका कडेला उभं राहून पाहिलेला हा माणूस हात वर करून नाचत होता!

उन्हाळ्याआधी वाडीवर नळ आला. पहिल्याच दिवशी सासरे मुद्दाम गेले, ओंजळभर पाणी प्यायले. "गोड हाय गो," म्हणाले आणि पुन्हा ओंजळ धरली.