हीलरच्या अंगठ्या

आत्याबाईंचं सगळं आयुष्य अपघात विभागात सिस्टर म्हणून गेलं. निवृत्तीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या भाचीकडे येऊन राहिल्या. भाचीला ऑनलाइन गेमचं वेड. तिच्या टीमचा हीलर, म्हणजे लढणाऱ्यांच्या जखमा भरणारा, नुकताच सोडून गेला होता.

"आत्या, बसल्या जागचं काम आहे, आणि तुझंच आहे," म्हणत तिने आत्याबाईंच्या हाती माउस दिला.

पडद्यावर हीलर उभी राहिली आणि आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. केस मोकळे, बाह्या जमिनीवर लोळताहेत, दहाही बोटांत अंगठ्या.

"ही जखमा बांधणार? ही तर लग्नाला निघालीय."

"गेममध्ये असंच असतं गं."

"माझ्या वॉर्डात असती तर दारातूनच परत धाडली असती."

भाची कामावर गेली की आत्याबाई गेममधल्या गावात हीलरला घडवत बसायच्या. तिला अंबाडा घातला, आखूड बाह्यांचा झगा शोधला, मऊ तळव्यांचे बूट मिळवले. सरावाच्या चकमकी किरकोळ. कुणाला खरचटण्यापलीकडे काही होत नव्हतं.

मग मोठ्या लढाईचा दिवस आला. टीमने भाचीला बजावलं होतं, आज आत्या कमी पडली तर उद्यापासून दुसरा हीलर. राक्षसाच्या गुहेच्या तोंडाशी सगळे जमले, आणि भाचीची नजर शेजारी आत्याबाईंच्या पडद्यावर गेली.

"आत्या, अंगठ्या कुठायत?"

"काढून ठेवल्या. गावातल्या पेटीत."

"अगं, हीलरची निम्मी ताकद अंगठ्यांत असते."

"अंगठीखाली घाण साठते. त्या हाताने जखमेला शिवायचं? मी असेपर्यंत नाही."

परतायला वेळ नव्हता.

आत्याबाईंनी देवाचं नाव घेतलं. हात सफाईने चालत होता, पण एक जखम भरेस्तोवर दोन उघडत होत्या. बाजूला भाची ओरडत होती, "आत्या, मला. आधी मला." आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या हूं की चूं न करता पडलेल्या तिरंदाजाकडे वळल्या. तो वाचला. पडद्यावर भाचीच्या जिवाची हिरवी पट्टी सरली आणि तिची लढवय्यी कोसळली. पाठोपाठ सगळेच.

आत्याबाईंनी माउस सोडला.

"ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो," त्या कशाबशा म्हणाल्या. "गप्प असेल त्याच्याकडे आधी धावायचं. मला वाटलं, तुला वेळ आहे."

"आत्या, समोर बघ तरी."

गावाच्या वेशीपाशी भाचीची लढवय्यी धडधाकट उभी होती. मागून बाकीचेही एकेक येत होते.

आत्याबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ही मगाशी गेली ना?"

"गेली होती. इथे सगळे परत उठतात."

वॉर्डात ज्यांच्या तोंडावर आत्याबाईंनी स्वतः चादर ओढली, त्यांतलं एकही माणूस कधी उठून बसलं नव्हतं. हेडफोनमध्ये कुणीतरी दुसऱ्या हीलरची गोष्ट काढली.

"त्यांना म्हणावं, जरा दम धरा," आत्याबाई म्हणाल्या. "पेटी कशी उघडायची?"

"अंगठ्या घालणारेस?"

"सगळे उठतातच, तर एवढं सोवळं कशाला?"

त्यांनी एकेक अंगठी हीलरच्या बोटात चढवली. मग काठी टेकत बेसिनपाशी गेल्या, स्वतःचे हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, आणि येऊन खुर्ची पुढे ओढली.