उंबऱ्याबाहेरचे रोट

सोनगीरच्या रूपाबाई पाटलांनी सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा विमान आतून पाहिले. तोवर विमान म्हणजे गच्चीवर पापड वाळत घालताना आभाळात दिसणारी पांढरी रेघ. त्यांचे सगळे आयुष्य मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने गेले होते. माहेर नरडाण्याकडचे, सासर सोनगीर, बाजार धुळ्याचा. पती लोटनभाऊ हायवेवर पंक्चरचे दुकान चालवायचे आणि रूपाबाई घरी ब्लाउज शिवायच्या. एकुलती एक मुलगी मोनाली जळगावला नर्सिंग शिकली आणि नोकरी मिळवून आयर्लंडमधल्या लिमरिक नावाच्या शहरात गेली. गावात ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे "लंडनकडं" म्हणायचे. रूपाबाई सुरुवातीला दुरुस्त करायच्या, नंतर त्यांनीही नाद सोडला.

तीन वर्षांपूर्वी लोटनभाऊ गेले. पहिले वर्ष दुखवट्याचे, सणवार काही झाले नाही. पुढच्या श्रावणात मात्र प्रश्न उभा राहिला तो कानबाईचा.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. सासूकडून सुनेकडे आलेल्या नारळाला डोळे आणि नथ लावायची, साडीचोळी नेसवायची, रात्र जागवायची आणि सोमवारी नदीवर न्हाऊ घालून परत आणायचे. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. त्या पिठाच्या पुरण भरलेल्या रोटांना परक्या माणसाने हात लावायचा नाही आणि ते उंबऱ्याबाहेरही न्यायचे नाहीत. पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. लेक लग्न होईपर्यंत घरची. डोक्यावर अक्षता पडल्या की तिला रोट चालत नाहीत, मग ती कितीही लाडकी असो.

धाकटे दीर गिरधर म्हणाले, "वहिनी, आता तुमची कानबाई आमच्यात मिळवून टाका. घरात पुरुष नाही. मूठ कोणाची घेणार?"

"मोनालीची."

"पोरीची मूठ घेतं का कोणी?"

"मी घेते. लग्न नाही झालं तोवर ती याच घरची शे."

"आणि लग्न झाल्यावर?"

"घरजावई आणते की."

गिरधर हसले. "आणा मग. नरडाण्याच्या कंपन्यांमध्ये पोरं लाईन लावून बसली आहेत. येताना एखादं उचलून आणतो."

दिरांनी चेष्टा केली, पण रूपाबाईंनी ती मनावर घेतली. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा, आईबाप नसलेला एक मुलगा त्यांनी खरेच हेरून ठेवला. पंक्चरच्या दुकानाच्या जागी मोनालीचा छोटा दवाखाना होईल, लोक इंजेक्शन घ्यायला रांग लावतील, पोराबाळांनी घर भरेल. मशीनवर फॉल लावता लावता त्या हे घर रोज थोडे थोडे बांधत होत्या. मोनालीला फोनवर सांगतही होत्या, "तुझ्या नावाची मूठ घेतली गं. तू आलीस की घर पुन्हा चालू होतं बघ." पलीकडून मोनाली "हं" म्हणायची.

यंदा जूनमध्ये तिने स्वतःहून सांगितले, "माय, तिकीट काढते. श्रावणात इकडं ये. सुट्टी घेते मी. फिरू, सगळं शहर दाखवते तुला. आणि निवांत बोलूही."

निवांत बोलू, या दोन शब्दांवर रूपाबाईंनी दोन महिने काढले. पोरीला परत यायचे आहे आणि ते तोंडावर सांगायचे आहे, अशी त्यांची खात्रीच झाली.

सोमवारी कानबाई नदीवरून घरी आली. मंगळवारी निघायचे होते. खाणारे तोंड एकच असल्याने रोट उरलेच. तेव्हा रूपाबाईंनी त्यांच्या सासरी आजवर कुणी केले नव्हते ते केले. चार रोट स्वच्छ फडक्यात गुंडाळले, स्टीलच्या डब्यात घातले आणि डबा बॅगेत साड्यांच्या मधोमध ठेवला. उंबऱ्यापाशी थबकून त्या देव्हाऱ्याकडे वळल्या. "माय कानबाई, घरच्याच माणसासाठी नेते. लांब राहते एवढंच."

डब्लिनच्या विमानतळावर मोनालीने मिठी मारली ती बराच वेळ सोडलीच नाही. पोर वाळली होती. लिमरिकच्या बसमध्ये रूपाबाईंनी विचारले, "घरी गेल्यावर आधी वरणभात लावू का?"

"माय, आपण गेस्ट हाऊसमध्ये राहतोय. माझी खोली लहान आहे, आणि घरमालकीण पाहुणे चालवून घेत नाही."

"आईलाही नाही?"

"आईलाही नाही."

"सोनगीरला पाठव तिला. पाहुणचार म्हणजे काय ते आठ दिवसांत शिकवते."

मोनाली हसली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दुसऱ्या दिवसापासून फिरणे सुरू झाले. मोनालीने उंच मनोऱ्याचे चर्च दाखवले, चीज आणि पावांनी भरलेला बाजार दाखवला, रंगीत दारांच्या विटकरी इमारती दाखवल्या. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, पण पदर ओला झालेलाच. शॅनन नदीच्या पुलावर रूपाबाई थांबल्या. पाणी दोन्ही काठांना लागून वाहत होते, आणि त्यात हंस.

"ही बाराही महिने अशीच असते?"

"हो."

"आणि आपल्या पांझरेला बघावं तेव्हा पाणी सुटायची वाट. इथं कानबाई पोटभर न्हायली असती." मग त्यांनी संधी साधली. "काय गं, ते निवांत बोलायचं होतं ना?"

"ते बघ माय, बदकाची पिल्लं! चल, पुढं म्युझियम आहे, ते लवकर बंद होतं."

म्युझियममध्ये त्यांनी तलवारी पाहिल्या, नाणी पाहिली, कुणा सरदाराची चमच्यांची पेटी पाहिली. रूपाबाईंनी पुन्हा विषय काढला तेव्हा मोनालीला कॉफी प्यायची होती. कॉफी झाल्यावर बागेत जायचे होते. बागेत पोहोचल्यावर फोटो काढायचे होते. जत्रेत पोर चुकू नये म्हणून आई त्याला मनगटाला धरून ओढत नेते, तशी मोनाली त्यांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेत होती. लाजत असेल, रूपाबाईंना वाटले. एवढ्या थाटाने परदेशी गेली, आता परत येते म्हणायला जीभ रेटत नसेल.

संध्याकाळी दोघी खोलीवर आल्या. जेवणे झाली तरी बाहेर लख्ख उजेड होता. रूपाबाईंनी हातपाय धुतले, पदर खोचला आणि बॅगेतून डबा काढला.

"शनिवारी पौर्णिमा. त्याच्या आत संपवायचे. घे."

मोनालीने फडके उलगडलेले पाहिले आणि ती उभीच राहिली. "माय! तू रोट उंबऱ्याबाहेर आणले?"

"कानबाईला विचारून आणले. घरचं माणूस इथं असल्यावर मी काय करू?"

"भूक नाही आता."

"रोटाला भूक लागते का? घासभर खा."

"उद्या खाते."

"उद्या वाळतील." रूपाबाईंनी तुकडा मोडला आणि लहानपणी भरवायच्या तसा तिच्या तोंडापाशी नेला. मोनालीने त्यांचे मनगट धरले. ढकलले नाही, नुसते धरून ठेवले.

"मला नाही चालत माय."

"अडचण आहे का? मग तसं सांगायचं ना, वेडे."

मोनालीने मान हलवली. अडचण नव्हती. तरी तिने मनगट सोडले नाही. तिचे डोळे भरून आले, तेव्हा रूपाबाईंना समजले. तुकडा त्यांनी हळूच डब्यात ठेवला.

"कधी?"

"जानेवारीत."

"कुठं?"

"इथंच. कचेरीत सह्या करून."

"कोण?"

"केरळचा आहे. माझ्याच हॉस्पिटलमध्ये आहे. चांगला आहे, माय. खूप चांगला आहे."

रूपाबाई पलंगावर बसल्या. घरमालकीण, लहान खोली, पाहुणे न चालणे, सगळ्याचा उलगडा झाला.

"फोनवर सांगितलं का नाहीस?"

"दर वेळी ठरवायचे. तू म्हणायचीस, तुझ्या नावाची मूठ घेतली. मग तोंडच उघडायचं नाही. म्हटलं तुला इथं बोलावते, फिरवते, तू जरा खूश झालीस की सांगते."

"मग आता गुपचूप खाऊन टाकायचं. मला काय कळणार होतं?"

"नाही खाता आलं."

"देश सोडलास, जात सोडलीस, आईला न विचारता संसार थाटलास. आणि नेमकं हेच धरून ठेवलंस?"

मोनाली रडू लागली. रूपाबाई रडल्या नाहीत. त्यांना मोनालीची आत्या मोहिनी आठवत होती. लग्नानंतर ती कानबाईला माहेरी आली होती, तेव्हा चार वर्षांच्या मोनालीने आपल्या ताटातला रोट आत्याच्या तोंडाशी नेला. रूपाबाईंनी पोरीच्या हातावर फटका मारून म्हटले होते, "आत्या आता आपल्या घरची नाही." मोनाली दिवसभर रुसली होती. धडा मात्र पक्का बसला.

"परत येशील का?" रूपाबाईंनी एकदाच विचारले.

"नोकरी सोडून कशी येऊ? आम्ही इथं घर घेतोय."

"आणि मी इथं राहिले तर?"

"कायमचं राहायला परवानगी मिळत नाही, माय. मी खूप ठिकाणी विचारलं. दर वर्षी थोडे दिवस येत जा. मी येईन दोन वर्षांतून एकदा."

"ये. पाहुणीला कोण नाही म्हणतं?" त्यांना टोचून बोलायचे नव्हते. जे खरे होते ते बोलल्या, आणि म्हणूनच मोनालीने उशीत तोंड लपवले.

रोट टाकता येत नव्हते. कुणाला देताही येत नव्हते. रूपाबाईंनी डबा मांडीवर घेतला आणि खायला सुरुवात केली. मनात असलेले घर बांधायला किती दिवस लागले होते, आणि आता ते एकेका घासाबरोबर खाली येत होते. पुरण कोरडे पडले होते, घास घशात अडकत होता. मोनाली उठून पाणी द्यायची, समोरच्या पलंगावर बसून बघायची. चार हातांनी आटोपायचे काम एकटी आई करत होती आणि मुलीला मदत करायला परवानगी नव्हती. त्या दिवशी दीड रोट संपला. उरलेले रूपाबाईंनी शुक्रवारी सकाळ-संध्याकाळ खाल्ले. दुसरे काही खाल्ले नाही. शेवटचा कण बोटाने टिपून घेतला, डबा धुतला, आणि धुतलेले पाणी गेस्ट हाऊसच्या परसातल्या मातीत ओतले.

शनिवारी सकाळी मोनाली दबकत म्हणाली, "माय, घरी येतेस? तो वाट बघतोय. मराठीची दोन वाक्यं पाठ केली आहेत त्यानं."

रूपाबाईंनी साडीच्या निऱ्या नीट केल्या. "येईन. आधी किल्ला बघू. तिकीट काढून ठेवलंस ना?"

किल्ला नदीला लागून होता. जाड गोल बुरूज, आत पोरांसाठी लाकडी तलवारी, आणि राजाच्या वेषात फोटो काढून देणारा एक माणूस. दोघी बुरुजावर चढल्या. तेवढ्यात गिरधरचा फोन आला.

"काय वहिनी, लंडन बघून झालं का?"

"किल्ल्यावर उभी आहे."

"आपल्या सोनगीरच्या किल्ल्याहून मोठा शे का?"

"लहान शे. पण पडलेला नाही."

गिरधर खो खो हसले. त्यांचे हसणे संपेपर्यंत रूपाबाई थांबल्या. "भाऊ, एक काम करा. किल्ली शेजारी दीपकच्या आईकडे आहे. कुलूप काढा आणि आमच्या कानबाईचा नारळ तुमच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवा. साडीचोळी डाव्या हाताच्या पेटीत आहे."

दोन वर्षे जी गोष्ट गिरधर मागत होते ती मिळाली होती, आणि आता तेच मागे सरले. "एवढी काय घाई? तुम्ही आल्यावर वाजत गाजत नेऊ की."

"नको. मी आल्यावर मला ती देववायची नाही. आजच न्या."

"मोना बरी शे ना?"

"बरी शे. सुखात शे."

गिरधर "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

मोनाली दोन पावलांवर भिंतीला टेकून उभी होती. तिने सगळे ऐकले होते. खाली नदी भरून वाहत होती आणि बारीक पाऊस पुन्हा सुरू झाला होता. रूपाबाईंनी फोन पिशवीत ठेवला, डोक्यावर पदर घेतला.

"इथलं झालं बघून. आता काय राहिलं?"

मोनालीला सांगायचे होते, आमचं घर राहिलं. तिने आईच्या तोंडाकडे पाहिले.

"पलीकडे एक जुना पूल आहे," ती म्हणाली.

"चल," रूपाबाई म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.