दोनशे दहाची लेन्स

माझी मावशी एका मोठ्या इस्पितळात, भाजलेल्या रुग्णांच्या विभागात फोटो काढायची. शस्त्रक्रियेआधीचा चेहरा, नंतरचा, सहा महिन्यांनंतरचा. तिला सगळे फोटोबाई म्हणत. एकवीस वर्षं नोकरी केली, पण घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ही गोष्ट तिनं मला निवृत्त झाल्यावर सांगितली.

विभागानं मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, डिजिटल कॅमेरा घेतला, तेव्हा सोबत एकच ऐंशी मिलिमीटरची लेन्स आली. चेहरा भरून घ्यायचा तर दोन हातांच्या अंतरावर उभं राहावं लागे, आणि इतक्या जवळून नाक फुगलेलं, कान मागे गेलेले दिसत.

"मला या फोटोंवरून मापं घ्यायची असतात," सर्जन कुरकुरले. "आणखी एक लेन्स मंजूर झालीय. कुठली ते तुम्हीच ठरवा."

मावशीनं तीन लेन्स आठवडाभर वापरायला मागवल्या. पंचेचाळीसच्या लेन्समध्ये त्या चिंचोळ्या खोलीतही माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावायचा. एकशेवीसच्या मॅक्रोमध्ये कातडीवरचा एकेक टाका मोजता यायचा, चेहराही फार लांब न जाता बऱ्यापैकी नीट यायचा. तिसरी दोनशे दहाची. तिच्यासाठी पार दाराला टेकून उभं राहावं लागे, पण चेहरा जसाच्या तसा. मावशीनं तीच निवडली. अर्जात कारण लिहिलं, चेहऱ्याचं प्रमाण बिघडत नाही. ते खोटं नव्हतं.

"पण खरं सांगू? मला लांब जायचं होतं," ती म्हणाली. "तो मलमांचा वास, ते डोळे. जीव विटला होता गं."

दर महिन्याला एक बाई यायची. धुलाईच्या कारखान्यात वाफेची नळी फुटून तिचा अर्धा चेहरा भाजला होता. उजवी पापणी मिटत नव्हती, तिची शस्त्रक्रिया व्हायची होती. मावशी वाकून फोटो काढायची तेव्हा दोघी बोलत. बाईची मुलगी, कारखान्यातली खडूस मुकादमीण, काहीबाही. नवी लेन्स आल्यानंतरच्या खेपेला मावशी दाराशी जाऊन उभी राहिली.

"आज तिकडे का?"

"नवी लेन्स आहे. इथून चांगलं येतं."

"बरं." मग बाई म्हणाली, "माझा वास येतो ना?"

"छे हो, तसं काही नाही." मावशी हे कॅमेऱ्यावरून डोळा न काढता बोलली.

पुढच्या तारखेला बाई आली नाही. त्यापुढच्याही नाही. मावशी पत्ता काढून घरी गेली. मुलीनं दार अर्धंच उघडलं.

"आई कुणाला भेटत नाही. म्हणते, ज्यांना रोजची सवय त्याही दारापर्यंत सरकल्या. आता नवी पापणी कुणासाठी?"

"अगं, ती लेन्सच तशी आहे."

"मग बदलता येत नाही?"

मावशी इस्पितळात परतली. तिनं एकशेवीसच्या लेन्ससाठी अर्ज केला. "कशाला?" सर्जन म्हणाले. "इतके चांगले फोटो मला आजवर मिळाले नव्हते." अर्ज पडून राहिला. मावशी आणखी दोनदा त्या घरी गेली, पण दार उघडलं नाही.

वर्षभरानं बाई डोळ्यांच्या वॉर्डात दाखल झाली. सतत उघडा राहून उजवा डोळा सुकला, चिघळला, शेवटी काढावा लागला. नोंदीसाठी फोटो हवा होता. मावशी जुनी ऐंशीची लेन्स लावून खाटेला खेटून उभी राहिली. बाईनं तिला ओळखलं.

"काढा," ती म्हणाली. "कुठूनही काढा."

मावशीनं दोन फोटो काढले. मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नर्स पट्टी बदलायला आली आणि मावशी बाजूला झाली. त्या वॉर्डात पुन्हा पाऊल टाकायचं तिचं धाडस झालं नाही.