वीस पौंड साखर

लिओना ह्राबिक सव्वीस वर्षं गावच्या शाळेत रांधत होती. नेब्रास्कातल्या त्या गावात गुरुवार म्हणजे चिलीचा दिवस. खिमा-राजम्याचं गरम कालवण आणि सोबत लिओनाचा दालचिनी रोल, म्हणजे दालचिनी-साखर घातलेला गोड पाव. रोल मोडायचा, कालवणात बुडवायचा आणि खायचा. बाप, लेक, सगळे हेच खाऊन वाढलेले. बाहेरचा माणूस नाक मुरडतो, मुरडू दे.

पण त्या वर्षी लिओनाच्या जिवाला घोर लागला होता तो नातीचा. टेसा तिसरीत गेली तरी तिला वाचता येत नव्हतं. चित्र बघून अंदाजाने काहीतरी बोलायची. शाळा म्हणायची, येईल हळूहळू. कधी येणार, हे कुणी सांगत नव्हतं. शाळा मंडळाच्या निवडणुकीला सुधारणावाल्यांचं तिघांचं पॅनेल उभं राहिलं आणि वाचन शिकवायला दोन खास शिक्षक आणू म्हणालं, तेव्हा लिओनाने मनातल्या मनात त्यांना मत देऊनही टाकलं.

पॅनेलची म्होरकी कॅरा लिंडक्विस्ट. गावात येऊन चारच वर्षं झालेली. एकदा ती शाळेच्या स्वयंपाकघरात डोकावली.

“काय घमघमाट सुटलाय हो! एवढ्या रोलना साखर किती लागते?”

“वीस पौंड,” लिओना ऐटीत म्हणाली. “कमी घालून बघा, पोरं मला शाळेत उभी करणार नाहीत!”

पंधरा दिवसांनी घरोघर पत्रक आलं. वाचनाचं सगळं खाली, बारीक अक्षरांत. वर ठळक छापलेलं: ‘दर गुरुवारी आपल्या मुलांच्या पोटात वीस पौंड साखर! हे बदलायलाच हवं.’

लिओनाने पत्रक दोनदा वाचलं. कॅरा बाई भली, पण अक्कल कुठे गहाण टाकली होती कुणास ठाऊक. तिला फोन करून सांगायला हवं होतं, रोलचं नाव काढू नका, सगळं बुडेल. पण मग आकडा आपणच दिला हे गावभर होईल, या धास्तीने लिओनाने फोन उचललाच नाही. आठ दिवस तिला धड जेवण गेलं नाही.

मतदानाला अग्निशमन दलाच्या शेडमध्ये रांग लागली होती. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा ड्वेन प्रोहास्का तिच्या पुढेच उभा होता.

“घाबरू नकोस लिओना. तुझ्या रोलला हात लावतात म्हणजे काय! आमची म्हातारी वॉकर घेऊन आलीय मत द्यायला.”

“अरे ड्वेन, पण त्यांचं ते वाचनाचं...”

“कसलं वाचन? आपण नाही शिकलो?”

मागचेपुढचे सगळे तिच्याकडे बघून मायेने हसत होते. लिओनाही कसनुसं हसली आणि रांगेत पुढे सरकली.

तिघंही पडले.

गुरुवारी जेवणघरात लिओनासाठी टाळ्या वाजल्या. पाचवीच्या मुलांनी केलेलं मोठं कार्ड टेसा मिरवत घेऊन आली.

“वाच बघू,” लिओना म्हणाली.

टेसाने अक्षरांखाली बोट ठेवलं. नजर मात्र शेजारी काढलेल्या रोलच्या चित्रावर. “‘आजी... छान... रोल करते.’ बरोबर ना?”

कार्डावर लिहिलं होतं, ‘आम्ही जिंकलो.’

“बरोबर,” लिओना म्हणाली, आणि तिने नातीच्या ताटात रोल वाढला.