सुपरवायझरची जागा

मी सहावी पास झाले तेव्हा कॉलेजला फी होती. आमच्या मॉरिशसमध्ये माध्यमिक शाळेला कॉलेज म्हणतात. बाने माझं नाव घातलं नाही. आई उसात खुरपायला जायची, तिच्याबरोबर मीही जाऊ लागले. मग दोन-तीन वर्षांतच सरकारने फी माफ केली आणि धाकटी बहीण गणवेश घालून ऐटीत निघाली. मीही जाते म्हटलं, तर बा म्हणाला, "तुजा वय गेला आता. बारक्या पोरींत बसशील काय?" वय गेलं! पंधरा वर्षांची होते मी.

तेच वय गुडलँड्सच्या कपड्यांच्या कारखान्यात मात्र कोवळं ठरलं. अठरा पूर्ण होईपर्यंत आम्हा पोरींना कमी पगार. मशीन तेच, कॉलर तीच, उशीर झाला तर बोलणीही तीच. अठरावं सरलं तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. कसली सुटतेय!

पुढे आमच्या मशीनच्या ओळीची सुपरवायझर लग्न होऊन पार दक्षिणेला शमें ग्रेनिएला गेली. कित्येक महिने ओळ मी सांभाळली, पगार शिवणारणीचाच. ती जागा मला हवी होती. उघड सांगते, फार हवी होती. आईच्या हातातलं खुरपं सुटलं असतं.

एका सोमवारी मॅनेजरने फॉर्म फाइव्ह, म्हणजे कॉलेजची पाच वर्षं झालेली पोरगी आणून उभी केली. तिने कधी बॉबिनही भरली नव्हती. ही तुमची सुपरवायझर, म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, "मोंत्रे ली त्रावाय." म्हणजे काम मीच शिकवायचं!

माझं डोकंच फिरलं. त्याच्याच क्रिओल बोलीत ऐकवलं, "मिस्ये, मी सहावी शिकलेली. एवढ्या शिकलेल्या बाईला मी काय शिकवणार?" सगळी ओळ खिदळली. तो ऑफिसात परतला.

त्याला घाई नव्हती. आमचा बोनस सगळ्या ओळीचा मिळून असायचा, एकीमुळे ओळ मागे पडली की सगळ्यांचा बुडायचा. मी तोंड शिवून बसले, पोरीला काही दाखवलं नाही. तिने चुकीचं सांगितलं, कॉलर उलट्या लागल्या, माल परत आला. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरची लेकुरवाळी म्हणाली, "तुजा राग खरा हाय गो, पन माज्या पोरांचा दूध त्यात चाललाय." तिच्यावर काय चिडायचं? उठले, आणि माझ्याहून जास्त पगार घेणाऱ्या त्या पोरीला कॉलर कशी लावायची ते शिकवलं.